जुन्या घरात पाणी कुठून शिरते

वडसा-देसाईगंज परिसरातल्या जुन्या घरात मातीच्या किंवा मातीच्या जुडाईतल्या विटांच्या भिंती, सागाचे मयाल (तुळई) आणि कवेलूंचे छप्पर हमखास आढळते. अशा घराच्या तपासणीत फुगलेला गिलावा, पोखरलेली चौकट, छपराचे वाकलेले फाटे, भिंतीतली भेग असे वेगवेगळे दोष नोंदले जातात. मुळाशी मात्र बहुधा पाणीच निघते.

तपासणी जोत्यापासून सुरू करावी. घर बांधले तेव्हा जोते रस्त्यापेक्षा चांगले उंच होते. पुढे रस्त्यावर गिट्टी, डांबर, सिमेंट असे थर चढत गेले आणि जोते जागच्या जागीच बुटके झाले. पूर्वी अंगणातून रस्त्याकडे वाहून जाणारे पाणी आता रस्त्यावरून भिंतीच्या पायाशी येते. घरमालक अनेकदा छताची गळती शोधत राहतो आणि पाणी खालून चढत असते.

हे चढणे केशाकर्षणाने होते. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच चढते, हा नियम इंग्रज वैद्य जेम्स ज्युरिन यांनी १७१८च्या सुमारास मांडला. शतांश मिलिमीटर त्रिज्येच्या छिद्रातून पाणी हिशेबाने दीड मीटर चढू शकते. प्रत्यक्षात भिंतीच्या पृष्ठभागावरून ते सतत वाळत असते, म्हणून ओलीची रेघ साधारण कमरेच्या आसपास थांबते. पाण्याबरोबर जमिनीतले क्षारही वर येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक पृष्ठभागावर झाले तर पांढरी पूड दिसते. तिला लोणा लागला म्हणतात, आणि ती झाडून टाकता येते. स्फटिक गिलाव्याच्या आत वाढले तर ते छिद्रांच्या भिंती आतून फोडतात आणि गिलाव्याची खपली बोटाने सोलून निघते.

नेमक्या या ठिकाणी सर्वांत महाग चूक होते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढवला जातो, त्यावर ‘वॉटरप्रूफ’ रंग लावला जातो. जाहिरातीतली भिंत कोरडी दिसते, कारण ओल आत कोंडलेली असते. वाळायला जागा न मिळाल्याने तीच रेघ फूटभर आणखी वर सरकते आणि सिमेंटच्या कवचामागे माती भुसभुशीत होत जाते. माती-शेणाचा किंवा चुन्याचा जुना थर दर एक-दोन वर्षांनी नवा करावा लागे, पण तो भिंतीला वाळू देत असे. खालून पाणी येत असलेल्या भिंतीला आतून रंग लावून कोरडे करता येत नाही. पायाशी उतार काढून पाणी दूर नेणे हाच तिचा इलाज आहे आणि त्याला रंगापेक्षा कमी पैसे लागतात.

नदीकाठच्या घरांना वेगळी तपासणी लागते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस गोसेखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले आणि वैनगंगेच्या पुराने भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडशापर्यंत गावे वेढली. मातीची भिंत पुरात उभी राहिली म्हणजे वाचली, असे नसते. चिकणमातीची पकड भिजल्यावर सुटते. पाणी ओसरते, तेव्हा बाहेरचा आधार जातो आणि आतून चिंब झालेली भिंत स्वतःच्या वजनाने बसते. म्हणून पूर उतरल्यानंतरचे काही दिवस अशा भिंतीजवळ कोणी झोपू नये.

छपरात कवेलू सरकतात, फुटतात. माकडांची टोळी एका फेरीत अख्खी ओळ विस्कटून जाते. फुटलेला कवेलू स्वस्त, त्याखाली भिजणारे मयालाचे टोक महाग. भिंतीत शिरलेले हे टोक हवेपासून तुटलेले असते. लाकडातला ओलावा सुमारे वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी कामाला लागते. पेचकसाचे टोक दाबून पाहावे. निरोगी साग दाद देत नाही, कुजलेल्या सागात ते लोण्यात सुरी जावी तसे जाते. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. बाहेरच्या फिकट रसकाष्ठात गाभ्यातली संरक्षक द्रव्ये नसतात, म्हणून ‘सागालाही वाळवी लागली’ या तक्रारीत लाकूड बहुधा कडेचे निघते.

वाळवीची खूण म्हणजे जमिनीपासून भिंतीवर चढलेली पेन्सिलीएवढी मातीची नळी. ती खरवडून दोन दिवसांनी पाहावी. पुन्हा जोडलेली दिसली तर वस्ती जिवंत आहे. आपल्याकडच्या वारूळ करणाऱ्या वाळवीला लाकूड थेट पचत नाही. चघळलेल्या लाकडावर ती वारुळात बुरशीची बाग करते आणि त्या बुरशीला सतत ओलावा लागतो. पावसाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारात चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या सात्या याच बुरशीच्या छत्र्या आहेत! वाळवीवरच्या आद्य लेखनाचे श्रेय बहुतेकदा हेन्री स्मीथमन यांच्या १७८१च्या आफ्रिकेवरील निबंधाला मिळते. पण निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांचे शिष्य योहान केनिग यांनी तामिळनाडूतल्या तरंगमपाडीहून वाळवीच्या वारुळांचा अभ्यास १७७९ मध्येच प्रसिद्ध केला होता. भारतीय वारुळावरचे हे काम इतके विसरले जावे, याची खंत वाटते. घराच्या दृष्टीने या बुरशीच्या बागेचा अर्थ एवढाच की वाळवीची रसद जमिनीतून आणि ओलीतून येते. चौकटीवर औषध मारून पायाशी ओल तशीच ठेवली, तर वाळवी दुसऱ्या वाटेने येते.

छपरातल्या बांबूच्या कमच्यांना लागणारा घुण निराळा. त्याला हवे असते बांबूतले पिष्ट. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत पिष्ट धुऊन काढते, म्हणून अशा कमच्या जास्त टिकतात. कमच्यांखाली पिवळसर पिठासारखा भुगा पडत असेल तर घुण आतच आहे.

भेगांमध्ये गिलाव्यावरचे जाळे निरुपद्रवी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून वर रुंदावणारी भेग पाया खचल्याचे सांगते. तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहावी. काच तडकली तर घर अजून हलते आहे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा साबूत राहिली तर भेग बुजवायला हरकत नाही. कवेलू काढून जुन्या भिंतींवर स्लॅब टाकण्याची घाई मात्र फार धोक्याची आहे. दहा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरतो. मातीच्या जुडाईची भिंत या वजनासाठी बांधलेली नसते, आणि पायाशी ओल असेल तर मुळीच नाही. खांब-तुळयांचा स्वतंत्र सांगाडा उभारल्याशिवाय स्लॅब टाकू नये.

विजेची जुनी जोडणी शेवटी पाहिली जाते, पण ती तितक्याच गांभीर्याने पाहावी. लाकडी पट्टीतल्या तारांचे रबर तडकते आणि अर्थिंग बहुधा नसतेच. असले तरी मे महिन्यात खड्डा कोरडा पडल्यावर ते कामाचे राहत नाही. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मुख्य बटण बंद करून आधी वायरमनला बोलवावे.