रानाच्या कडेची वाट: ग्रामीण रस्त्यांवरील वन्यप्राणी आणि आपली सावधगिरी

बेंगळुरूहून कनकपुऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरून हारोहळ्ळीच्या पुढे डावीकडे वळले, की थोड्याच अंतरावर रस्ता अरुंद होतो आणि नाचणीची शेते सुरू होतात. या भागात मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास शेतकरी मेळावा घेतला, तर एक गोष्ट हमखास लक्षात येते. सूर्य कलू लागला, की श्रोत्यांची चुळबुळ सुरू होते. विषय कितीही जिव्हाळ्याचा असो, अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचायचे असते. कारण त्यानंतर ती वाट केवळ माणसांची राहत नाही. विस्तार कार्यकर्त्याने आपल्या कार्यक्रमाची वेळ ठरविताना ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वन्यप्राण्यांशी होणारी गाठ हा आता जंगलातील विषय राहिलेला नसून तो शेतीच्या दैनंदिन व्यवहाराचा भाग झाला आहे.

महानगराच्या उंबरठ्यावरील रान

बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान १९७४ मध्ये घोषित झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे वनक्षेत्र बेंगळुरू शहराच्या मध्यापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर आहे. दक्षिणेकडे ते तमिळनाडूतील होसूर परिसराच्या आणि कावेरी अभयारण्याच्या वनांशी जोडलेले असल्याने हत्तींचे कळप या सलग पट्ट्यातून ये-जा करतात. पश्चिमेस रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत अस्वल आणि बिबट्या आहेत. उत्तरेस हेसरघट्ट्याच्या माळरानालगत भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची प्रक्षेत्रे आहेत. तुमकुरू जिल्ह्यातील मधुगिरी तालुक्यात २००७ मध्ये जयमंगली काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. तेथील काळवीट भोवतालच्या शेतांत सहज दिसतात. जुन्या चिंचेच्या आणि वडाच्या झाडांवर रात्री फिरणारा, कन्नडमध्ये ‘काडुपापा’ म्हणजे ‘रानातले बाळ’ म्हटला जाणारा लोरिसही याच परिसराचा रहिवासी आहे. रस्ता रुंद करताना दुतर्फाची झाडे तोडली, की त्याचा झाडावरून झाडावर जाण्याचा मार्ग तुटतो.

रस्त्यावर कोण, केव्हा आणि का?

वन्यप्राणी रस्त्यावर येण्यामागे ठोस कारणे असतात. सूर्यास्तानंतरचे आणि पहाटेचे दोन-तीन तास अनेक प्राण्यांच्या हालचालीचे असतात. दिवसभर तापलेले डांबर रात्री ऊब देते, म्हणून साप त्यावर विसावतात. सांडलेले धान्य आणि कडेला टाकलेले खरकटे यांमुळे उंदीर, मोर व माकडे येतात. उंदरांमागे धामण, मुंगूस आणि कोल्हा येतो. मेलेले जनावर रस्त्याकडेला टाकले, तर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे रस्त्यावरील अनेक भेटींची सुरुवात आपल्याच अस्वच्छतेतून होते.

चाकाखाली सापडणारी धामण ही शेतकऱ्याचीही हानी आहे. बिनविषारी धामण उंदरांच्या बिळात शिरून त्यांना खाते. एकीकडे उंदरांसाठी विषारी आमिषे विकत घ्यायची आणि दुसरीकडे हा फुकटचा राखणदार मारायचा, हा व्यवहार परवडणारा नाही.

हत्ती: नाचणीचा हंगाम आणि सीमेवरील प्रवास

नाचणी पक्व होण्याचा काळ आणि हत्तींच्या हालचालीचा काळ साधारणतः एकच, नोव्हेंबर ते जानेवारी. प्रौढ हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो. रानातील विखुरलेल्या गवतापेक्षा शेतातील दाट व पौष्टिक पीक त्याला थोड्या वेळात अधिक अन्न देते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील हत्तीतज्ज्ञ रामन सुकुमार यांच्या अभ्यासात असे दिसले, की प्रौढ नर हत्ती पिकांवर माद्यांच्या कळपापेक्षा सुमारे सहापट अधिक वेळा येतात. त्यामुळे पिकांच्या हंगामात रस्त्यावर एकटा नर दिसला, तर तो वाट चुकलेला आहे असे समजू नये. बहुधा तो शेताकडे निघालेला किंवा शेतातून परतणारा असतो.

महाराष्ट्रातील वाचकांनाही हा अनुभव परका नाही. २००२ पासून कर्नाटकातील हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात येऊ लागले आणि पुढे कोल्हापूरच्या चंदगड, आजरा परिसरातील ऊस व केळी उत्पादकांनाही त्यांची ओळख झाली. दोडामार्गच्या बागायतदाराचा आणि कनकपुऱ्याच्या नाचणी उत्पादकाचा प्रश्न एकच आहे. म्हणून एकाने शिकलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

बिबट्या: दिसतो क्वचित, असतो नेहमी

फेब्रुवारी २०१६ मध्ये बेंगळुरूच्या पूर्वेकडील एका शाळेच्या आवारात बिबट्या शिरला, तेव्हा देशभर चर्चा झाली. तथापि ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना त्यात नवल वाटले नसेल. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक लोक राहत असलेल्या त्या शेतीप्रधान भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरस आढळली. याचा अर्थ, बिबट्या दिसला म्हणजे तो आजच आला, असे नव्हे. आजवर तो आपल्याला टाळत होता आणि आज चुकून दिसला, इतकेच. अशा वेळी शंभर माणसांनी त्याला घेरणे हाच सर्वांत मोठा धोका ठरतो. कारण पळण्याची वाट बंद झालेला प्राणी समोर येईल त्यावर झेपावतो.

रात्रीचे पाणी, रात्रीची वाट

या विषयाचा सर्वांत जिव्हारी लागणारा भाग कृषिपंपाच्या वेळापत्रकाशी निगडित आहे. थ्री फेज वीज रात्री मिळाली, तर शेतकरी हातात विजेरी घेऊन बांधावरून आणि उसाच्या कडेने चालतो. घोणस, मण्यार, रानडुक्कर वा बिबट्या यांच्याशी अनपेक्षित गाठ पडते ती याच वाटेवर. दिवसा वीज मिळणे हा म्हणूनच केवळ सोयीचा प्रश्न नसून जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० याच उद्दिष्टाने राबविली जात आहे. सौरपंप, ठिबक सिंचन व स्वयंचलित स्टार्टर यांची शिफारस करताना विस्तार कार्यकर्त्यांनी पाण्याच्या बचतीबरोबरच ‘रात्रीची एक फेरी वाचते’ हा लाभही आवर्जून सांगावा.

रस्त्यानेही वाट द्यावी

बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतूक बंद ठेवण्यात येते; केवळ आपत्कालीन वाहने व मोजक्या बसगाड्यांना मुभा आहे. प्रत्येक रस्ता असा बंद ठेवता येणार नाही, हे उघड आहे. तेथे रस्त्याच्या रचनेतच प्राण्यांसाठी वाट ठेवावी लागते. पेंच परिसरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या महाराष्ट्रातील भागात पाच भुयारी मार्ग आणि चार छोटे पूल मिळून नऊ ठिकाणी अशी सोय केली आहे. त्यांतील सर्वांत लांब मार्ग ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावून केलेल्या निरीक्षणात चितळ, रानडुक्कर यांच्यापासून वाघापर्यंत अनेक प्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. गावरस्त्यावर एवढा खर्च शक्य नसला, तरी मोऱ्या गाळाने न बुजू देणे, कडेचे गवत वेळेवर कापणे आणि वळणाआधी गतिरोधक बसविणे ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

कुंपण आणि भरपाई

कुंपणात थेट वीज सोडणे हा गुन्हा आहे. हत्तींच्या अनैसर्गिक मृत्यूंमध्ये विजेचा धक्का हे प्रमुख कारण आहे आणि अशाच तारांना स्पर्श होऊन शेजारचा शेतकरीही दगावतो. सौर कुंपणात क्षणिक स्पंदनांनी झटका बसतो; तो प्राण्याला परतवतो, मारत नाही. मात्र तारेला टेकणारे तण काढले नाही, तर त्यातील जोर निघून जातो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मार्च २०२१ मध्ये कोडगू जिल्ह्यात मधपेट्यांच्या कुंपणाचा प्रकल्प सुरू केला. हत्ती मधमाश्यांना टाळतो, हे त्यामागील तत्त्व. पेट्यांतील वसाहती जिवंत आणि सशक्त राहिल्या, तरच त्याचा उपयोग होतो; म्हणून फुलोरा व पाणी यांची सोय आधी पाहावी.

पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारी हानी खरीप २०२६ पासून स्थानिक आपत्तीच्या अतिरिक्त संरक्षणाखाली समाविष्ट करण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. प्राण्यांची यादी आणि जिल्हे संबंधित राज्याने अधिसूचित करावयाचे असून, शेतकऱ्याने ७२ तासांत पीक विमा ॲपवर स्थळनोंद असलेल्या छायाचित्रांसह सूचना द्यावयाची आहे. ही छायाचित्रे कशी घ्यावीत, याचे प्रात्यक्षिक हंगामापूर्वीच गावात घ्यावे.

वाटेवर पाळावयाची पथ्ये

• रानाच्या कडेने रात्री ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक वेग ठेवू नये. ताशी ६० च्या वेगात वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ४० च्या वेगात ११ मीटर.
• एक चितळ किंवा रानडुक्कर ओलांडून गेले, तरी लगेच निघू नये. मागून पिल्ले वा कळप येण्याची शक्यता असते.
• प्राणी प्रकाशाने दिपून थबकला, तर अप्पर बंद करून डिपर द्यावा आणि थांबावे.
• हत्ती दिसल्यास दूरच थांबावे, हॉर्न वाजवू नये, दिवे डोळ्यांवर मारू नयेत, मादी आणि पिल्लू यांच्या मध्ये जाऊ नये. वाहन मागे घेण्यास जागा मोकळी ठेवावी.
• बिबट्या दिसल्यास पळू नये, वाकू नये. त्याच्याकडे पाठ न फिरवता सावकाश मागे सरावे.
• माकडांना व अन्य प्राण्यांना खाऊ घालू नये. थांबून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा.
• जखमी प्राण्यास हात लावू नये; वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.
• रात्री शेतात जाताना गमबूट, विजेरी व काठी ही तिन्ही बरोबर असावीत आणि शक्यतो सोबतीला कोणी असावे.

शेती ही रानाची शेजारीण आहे आणि शेजार निवडता येत नसतो. सायंकाळचा मेळावा एक तास आधी संपविणे, मोरी मोकळी करणे, मेलेले जनावर खोल पुरणे, रात्रीची एक फेरी वाचविणे, यांपैकी कोणत्याही कामास मोठा निधी लागत नाही. येत्या ग्रामसभेत यांतील एक तरी विषय प्रत्येक कार्यकर्त्याने मांडावा; तेवढ्याने एखादा शेतकरी सुखरूप घरी पोहोचेल.