रजिस्टरमधला क्रमांक १९१४

मागे एका प्रेक्षकाने विचारलं होतं, की पूर्वी सरकारी शाळेत सगळ्यांना खरंच प्रवेश मिळायचा का? उत्तर हो आणि नाही असं दोन्ही आहे. ते नीट कळायचं असेल तर माझ्या मते साताऱ्याच्या हायस्कुलाइतकी चांगली जागा नाही.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांसाठी थोडं मागचं सांगतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं सातारा ही एकेकाळी मराठ्यांची राजधानी. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इथल्या छोट्या राज्यावर बसवलं, आणि १८३९ मध्ये त्यांनीच महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १८५१ मध्ये, सातारा हायस्कूल सुरू झालं. पुढे ही शाळा जुन्या राजवाड्यात भरू लागली आणि आज तिचं नाव आहे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. ज्या राजाला कंपनीने गादीवरून उतरवलं, त्याचंच नाव कंपनीच्या काळातल्या शाळेला! इतिहास असे हिशोब कधीकधी चुकते करतो.

पण ही शाळा नेमकी कोणासाठी होती? यासाठी थोडं दक्षिणेला, धारवाडला जावं लागेल. तेव्हा धारवाडही मुंबई इलाख्यातच होतं. १८५६ मध्ये तिथल्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नकार मिळाला. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचं म्हणणं असं, की तत्त्व म्हणून मुलाची बाजू बरोबर आहे. पण एकट्यासाठी आग्रह धरला तर बाकीच्यांसाठी शाळा निरुपयोगी होऊन बसेल. थोडक्यात, हक्क आहे, पण आत्ता नको. दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, लंडनहून कंपनीच्या संचालकांचं पत्र आलं: सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. १८८२ च्या हंटर आयोगाने हेच तत्त्व पुन्हा मान्य केलं; मात्र खालच्या मानलेल्या जातींसाठी वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावं असंही सुचवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दार उघडं ठेवायचं आणि शेजारी दुसरं दारही करून ठेवायचं.

आता ७ नोव्हेंबर १९०० हा दिवस. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी यांच्या धाकट्या मुलाचं नाव सातारा हायस्कुलात इंग्रजी पहिलीला, म्हणजे आजच्या पाचवीला, दाखल झालं. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. वय नऊ वर्षं. जन्म मध्य प्रदेशातल्या महूचा. (आंबडवे गावावरून आलेलं आडनाव शिक्षकामुळे 'आंबेडकर' झालं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिच्याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, आज त्यात शिरत नाही.)

म्हणजे नाव नोंदवलं गेलं. १८५८ च्या पत्रातलं वाक्य इथे खरं ठरलं. पण वर्गात काय?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत साताऱ्यातल्या शाळकरी दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. इतर मुलांत न बसता कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला स्वतःचं गोणपाट. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावणार नाही, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली की इतर मुलं गुरुजींना विचारून नळावर जायची. या मुलाला नुसती परवानगी पुरत नसे. नळाला त्याचा हात लागता कामा नये, तेव्हा तो दुसऱ्या कोणीतरी सोडायला हवा, आणि हे काम गुरुजी फक्त शिपायाला सांगू शकत. शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच.

इथे जरा थांबूया. शाळा सरकारची, नळ शाळेचा, शिपायाचा पगार सरकारी. प्रवेश नाकारणारा कायदा कुठेच नाही. तरी पाणी एका माणसाच्या हजेरीवर अवलंबून. शाळेबाहेरही तेच. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, पण या घरातल्या मुलांचे केस थोरली बहीणच कापत असे. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला गेलं आणि पुढचं शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कुलात झालं.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. बघा, पाणी आणि शाळा एकाच यादीत! ठराव झाला तरी अंमल झाला नाही, आणि १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. तिथलं नेतृत्व करणाऱ्या माणसाला शाळेतला नळ पक्का ठाऊक होता.

साताऱ्याची शाळा आज जिल्हा परिषदेची आहे. खाजगी शाळांकडे ओढा वाढला तशी मधल्या काळात तिची पटसंख्या रोडावली. मला याचं वाईट वाटतं, कारण ज्या दारातून आत जायला इतकी वर्षं भांडावं लागलं, तेच दार रिकामं पडायला लागलं होतं. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ते जुनं रजिस्टर शाळेने जपून ठेवलंय.