स्टेअरिंगची खडखड दाबू नका, शोधा

जिंतूर, गंगाखेड, मानवत, पाथरी... परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यासमोर ताडपत्रीची जीप अजूनही उभी दिसते. आजोबांनी हौसेने घेतलेली, नातवांनी जपलेली. सणावाराला किंवा वरातीला ती बाहेर निघते आणि चालू केली की स्टेअरिंगचा दांडा खडखडू लागतो. ‘जुनी गाडी आहे, वाजणारच,’ असे म्हणून कोणीतरी सायकलच्या ट्यूबचा तुकडा क्लॅम्पमध्ये कोंबतो. आवाज थांबतो आणि सगळे निर्धास्त होतात.

गोळी घेऊन ताप उतरवावा आणि आजार तसाच अंगात राहावा, तसा हा प्रकार आहे. खडखड हे लक्षण आहे. आजार कुठे आहे, ते आधी पाहिले पाहिजे.

आवाज येतो कसा?

दोन धातूंच्या मध्ये बसवलेला बुश किंवा बेअरिंग झिजले की तिथे बारीक फट पडते. मिस्त्री त्याला ‘प्ले’ म्हणतात. फट असली तरी हादरा नसेल तर आवाज होत नाही. हादरा मात्र सतत मिळतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर उभ्याउभ्या चालत असेल, तर सेकंदाला १० फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला २० धक्के बसतात. प्रत्येक वस्तूला स्वतःची एक कंपनगती असते. धक्क्यांची गती तिच्याशी जुळली की कंपन एकदम वाढते. म्हणूनच काही गाड्यांत विशिष्ट वेगालाच स्टेअरिंग थरथरते आणि वेग बदलला की शांत होते.

आपल्याकडे त्यात जमिनीची भर पडते. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचे रस्ते त्यामुळे लाटांसारखे उंचसखल होतात. प्रत्येक गचका चाकातून रॉडवर, रॉडवरून स्टेअरिंग बॉक्सवर आणि तिथून दांड्यावर येतो. चाळिशीपार जाणाऱ्या उन्हात रबर कडक होते, जुने ग्रीस सुकते.

घरच्या घरी तपासणी

गाडी सपाट जागी, चाके सरळ, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेला, एवढी काळजी आधी घ्या.

स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा, मग आपल्याकडे ओढा आणि ढकला. दांडा नळीत हलत असेल तर वरचा बुश किंवा बेअरिंग संशयित. जुन्या जीपमध्ये या बेअरिंगवर स्प्रिंग असते. तीही थकते.

आता एकाला स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहा. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे प्ले आहे. जुन्या जीपमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलजवळचा बेल क्रँक, टाय रॉडचे एंड आणि स्टेअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट विसरू नका.

शेवटी इंजिन चालू करून, गाडी उभीच ठेवून, दांड्यावर तळहात दाबा. खडखड थांबली तर दोष बहुधा डॅशजवळच्या क्लॅम्पमध्ये किंवा वरच्या बुशात असतो.

चाकाला किती मोकळीक चालते, हे कायद्यातही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार ती ३० अंशांपेक्षा जास्त नसावी. घड्याळात बाराच्या आकड्यापासून एकपर्यंत जेवढे अंतर, तेवढे हे ३० अंश. सांध्यांवर रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट आपोआप निसटणार नाहीत असे पक्के केलेले हवेत, असेही हा नियम सांगतो.

दुरुस्ती करताना

बुश झिजला असेल तर नवा बसवा. तयार मिळत नसेल तर चांगला लेथवाला मापाने करून देतो. क्लॅम्पमध्ये रबर नवेच घाला, पण झिजलेला बुश झाकण्यासाठी नको. क्लॅम्प सैल ठेवून आधी स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट आवळा, मग दांडा जिथे सहज टेकतो तिथेच क्लॅम्प घट्ट करा. दांडा ओढूनताणून बसवला तर नवा बुशही लवकर झिजतो. हॉर्नची वायर दांड्यातून जाते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार काढून ठेवा.

स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले घालवण्याचा मोह टाळा. बॉक्स मधल्या भागात जास्त झिजतो. सरळ चाकांवर फार घट्ट केलेला बॉक्स वळणावर अडकू शकतो. हे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्या. स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंगचे ठिगळ लावू नका.

प्रश्न छातीचा आहे

जुन्या गाडीचा स्टेअरिंग दांडा अखंड लोखंडी असतो. जीपमध्ये त्याचे खालचे टोक गाडीच्या पुढच्या भागात असते. समोरून धडक बसली तर तो चालकाच्या छातीकडे भाल्यासारखा सरकू शकतो. बरगड्या, फुप्फुस आणि हृदय यांना होणाऱ्या अशा इजा पाहूनच धडकेत दुमडणारा दांडा तयार झाला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेल्समध्ये तो दिला आणि १९६८ पासून तिथे त्याविषयीचे सुरक्षा नियम लागू झाले. आपल्या वाड्यासमोरच्या जीपमध्ये ही सोय नाही. तिच्यात धडक टाळणे हाच उपाय, आणि धडक टाळायची तर हात वळतील तसे चाक लगेच वळले पाहिजे.

सैल स्टेअरिंग शरीरालाही थकवते. गाडी सरळ ठेवण्यासाठी चालक नकळत मूठ आवळतो, मनगट आणि खांदे भरून येतात आणि ऐनवेळी हात संथ पडतो.

म्हणून तपासणी होईपर्यंत अशी गाडी रस्त्यावर काढू नका. नंतरही वेग कमी ठेवा, चासीला पक्का जोडलेला सीट बेल्ट लावून घ्या आणि छाती चाकापासून जमेल तितकी दूर ठेवा. आजोबांची जीप जपायची असेल तर तिच्या रंगाआधी तिच्या स्टेअरिंगकडे पाहा.