गळ ओंठांत कीं घशांत?

(नभोवाणीवरील भाषण)

गळानें मासे धरणें हा शांत माणसाचा छंद समजला जातो. काठी दगडाला टेकवून ठेवावी, पाण्यावर एक डोळा ठेवून चहाचा पेला तोंडाला लावावा आणि दोरी हालली म्हणजे सावकाश उठावें, असें चित्र आपल्या मनांत असतें. परंतु ट्राउट नांवाच्या थंड पाण्यांतील माशाला हा सावकाशपणा प्राणघातक ठरतो. आपला चहा संपेपर्यंत त्यानें गांडूळ गळासकट घशाखालीं उतरविलेलें असतें. मासा वर येतो. पाहावें तों तो वीतभरच, नियमांत न बसणारा. आपण त्याला परत सोडतों, तो पोहत दिसेनासा होतो, आणि एक जीव वाचला असें समजून आपण समाधान मानतों. पुष्कळदां तो वाचलेला नसतो. म्हणून ट्राउटनें गळ गिळूं नये यासाठीं काय करावें, आणि गिळलाच तर काय करावें, याचा आज थोडा विचार करूं.

तपकिरी ट्राउट मूळचा युरोपाकडचा, तर इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. काश्मीरच्या ओढ्यांत स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून १९०० सालच्या सुमारास तपकिरी ट्राउटची वस्ती झाली. पुढें कुलूकडे व निलगिरीवरहि ट्राउट रुजला. सुटींत तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनाहि त्यामुळें हा प्रश्न अगदींच परका नाहीं.

ट्राउट गळ गिळतो तो कां? पिसांची कृत्रिम माशी त्याच्या तोंडांत गेली कीं तिची फसवणूक त्याला तत्काळ कळते व तो ती थुंकून टाकतो. त्यामुळें अशा माशीचा गळ बहुधा ओंठांत किंवा जबड्याच्या कडेला रुततो. गांडुळाची गोष्ट वेगळी. तें मऊ, चवदार आणि खरेंखुरें अन्न असतें. तें थुंकण्याचें माशाला कांहीं कारणच नसतें. दोरी सैल असेल तर त्याला कसला अडथळाहि जाणवत नाहीं. घशाच्या लगतच नाजूक कल्ले असतात, आणि त्यांच्या मागें, खालच्या बाजूस, माशाचें हृदय असतें. तेथें रुतलेला गळ म्हणजे मर्मावरचा घाव होय.

तेव्हां पहिला नियम असा कीं, काठी हातांतून सोडूं नये व दोरींत ढील राहूं देऊं नये. वाहत्या पाण्यांत ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या दिशेला आमिष टाकावें, असें एडिंबरोच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनीं १८५७ सालच्या आपल्या ग्रंथांत आग्रहानें प्रतिपादिलें. यांत दुहेरी लाभ आहे. मासा आपल्याला पाहत नाहीं, आणि दिलेला हिसका गळ त्याच्या तोंडांतून बाहेर न काढतां जबड्यांत बसवितो. मात्र आमिष आपल्याकडे वाहत येत असतां दोरी सैल पडते. ती सतत गुंडाळीत राहिलें पाहिजे.

दुसरा नियम: टिचकी जाणवतांच हलका हिसका द्यावा. 'नीट गिळूं द्या, मग ओढा' हा जुना उपदेश येथें घातक आहे. घाईनें कांहीं मासे निसटतील. पण जो निसटला तो जिवंत तरी राहिला. लांबलचक गांडूळ लावलें तर मासा त्याचें शेपूट धरतो आणि आपल्याला थांबावें लागतें. म्हणून आमिष आंखूड असावें. गळहि फार बारीक नसावा, कारण बारीक गळ सहज गिळला जातो.

तिसरा उपाय वर्तुळाकार गळाचा. याचें टोंक आंत, दांड्याकडे वळलेलें असतें. मासा तो गिळून वळला आणि दोरी ताणली गेली कीं गळ घशांत न रुततां सरकत येतो व जबड्याच्या कोपऱ्यांत अडकतो. येथें मात्र हिसका देऊं नये. दोरी संथपणें ताणावी. दुसरा नियम साध्या गळासाठीं आहे, हें विसरूं नये. गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकल्यास गिळणें थांबत नाहीं, परंतु गळ काढणें सोपें होऊन जखम लहान राहते.

एवढें करूनहि मासा गळ गिळतोच कधीं कधीं. अशा वेळीं आपला हात आपोआप गळ ओढून काढण्याकडे जातो. तो आवरावा. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत झालेले प्रयोग १९६७ सालीं प्रसिद्ध झाले. खोलवर गळ गिळलेल्या इंद्रधनुषी ट्राउटांपैकीं ज्यांचा गळ ओढून काढला, ते शंभरांत सुमारें ९५ मेले. ज्यांची दोरी कापून गळ आंतच ठेवला, त्यांतील सुमारें एकतृतीयांशच मेले. आंत राहिलेला गळ पुष्कळ मासे पुढें स्वतःच बाहेर टाकतात. म्हणून मासा पाण्यांतच धरावा, हात ओले असावेत, दोरी तोंडाजवळ कापावी आणि त्याला जाऊं द्यावें. जो मासा नियमांत बसतो आणि गळ गिळून रक्तबंबाळ झाला आहे, तो सोडण्यापेक्षां स्वयंपाकघरांत नेणें अधिक प्रामाणिकपणाचें.

कांहीं पाण्यांत आमिष वापरण्यासच बंदी असते; परवाना घेतांना ती चौकशी अवश्य करावी. लहान मासे परत सोडण्याचा नियम पुढील वर्षीं ओढ्यांत मासे असावेत म्हणून केलेला आहे. सोडलेला मासा जगला नाहीं तर नियम पाळल्याचें समाधान आपल्याला मिळतें, ओढ्याला मात्र कांहींच मिळत नाहीं.