आखूड नळीचे काडतूस : तारापूरच्या तटापासून खडकीपर्यंत

बंदुकीच्या नळीची लांबी आणि तिच्यात जळणाऱ्या दारूचा वेग यांचा मेळ बसला नाही, तर चांगल्यातले चांगले शस्त्रही कुचकामी ठरते किंवा ते चालवणाऱ्याच्याच जिवावर उठते. हा मेळ बसवण्याचे काम एके काळी प्रत्येक बंदूकधारी स्वतःच्या हाताने करीत असे. आज ते खडकी, वरणगाव, भंडारा आणि पाषाण येथील कारखान्यांत व प्रयोगशाळांत होते. या स्थित्यंतराची दोन्ही टोके पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात पाहायला मिळतात. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून तारापूरचा किल्ला घेतला तो ठासणीच्या हत्यारांच्या काळात, आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याच परिसरात देशातले पहिले अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले तेव्हा स्वयंचलित शस्त्रांचे युग येऊन बरीच वर्षे लोटली होती.

तारापूर ज्या वसईच्या मोहिमेत घेतले गेले, तिच्यात वापरल्या गेलेल्या तोडेदार बंदुकांना, म्हणजे जळत्या वातीने बार काढणाऱ्या बंदुकांना, काडतूस असे नव्हतेच. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर बोळा आणि गोळी सोडायची, गजाने ते सगळे ठासून बसवायचे, मागच्या बाजूच्या कानात बारीक दारू घालायची आणि मग तोडा टेकवायचा, असा हा क्रम होता. दारू कमी पडली तर बार फुसका जाई आणि जास्त झाली तर नळी फुटण्याची धास्ती असे. गोळी दारूवर घट्ट न बसता मध्ये पोकळी राहिली, तरी नळीला धोका संभवत असे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती काळी दारू दमट हवेत ओल धरी, त्यामुळे समुद्रकाठच्या किल्ल्यांना वेढा घालताना ती कोरडी ठेवणे हीच एक मोठी जबाबदारी असे. बाजी भिवराव रेठरेकरांसारखा सरदार तारापूरच्या हल्ल्यात पडला, त्याची नोंद इतिहासात आहे. पण त्या धामधुमीत बंदुका ठासणाऱ्या शेकडो हातांच्या अनुभवातून जे ज्ञान साठत गेले, ते कोणी लिहून ठेवले नाही. मराठी युद्धेतिहासातली ही उणीव मोठी आहे.

एकोणिसाव्या शतकात धातूचे काडतूस आले आणि सुटे घटक एकत्र बांधले गेले. पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली आघाताने पेटणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, असे त्याचे चार भाग असतात. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली, तेव्हापासून दारूच्या जळण्याचा वेग नियंत्रित करणे शक्य झाले. काळी दारू एकदम भडकते. उलट बिनधुराच्या दारूच्या दाण्याचा आकार, त्यातली भोके आणि त्यावरचा लेप बदलून ती किती वेगाने जळावी हे कारखान्यात ठरवता येते. दारूचे हळू जळणारी आणि झटपट जळणारी असे प्रकार पडले ते या गुणामुळेच.

आखूड नळीचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. लांब नळीत गोळी बाहेर पडेपर्यंत वायूला तिला ढकलण्यास पुरेसा वेळ मिळतो. तीच दारू आखूड नळीत वापरली तर तिची बरीचशी ताकद गोळीमागे न लागता नळीच्या तोंडाबाहेर जाळ आणि आवाज होऊन वाया जाते. ५.५६×४५ मिलिमीटरचे नाटो काडतूस मुळात ५०८ मिलिमीटर लांबीच्या नळीचा विचार करून बनलेले आहे. त्या नळीतून त्याची गोळी सेकंदाला सुमारे ९४० मीटर वेगाने निघते, तर ३६८ मिलिमीटर नळीच्या कार्बाइनमधून, म्हणजे आखूड रायफलीतून, निघताना तिचा वेग सुमारे ९०० मीटरवर येतो. नळी आणखी कापली की घसरण झपाट्याने वाढते. ज्या गोळीचा परिणाम मुख्यतः वेगावर अवलंबून आहे, तिच्या बाबतीत हा तोटा किरकोळ म्हणता येत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये प्रमाणित झालेले .३०० ब्लॅकआउट हे काडतूस याच अडचणीतून जन्मले, त्यात ५.५६ च्या जातीचीच पुंगळी आखूड करून तिचे तोंड रुंद केलेले आहे आणि झटपट जळणाऱ्या दारूमुळे आखूड नळीतही तिचे काम पुरे होते.

शस्त्र अर्धस्वयंचलित असेल तर अडचण दुहेरी होते. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप दाबताच एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते. हे काम बहुतेक रायफलींमध्ये नळीतून एका छिद्रावाटे घेतलेला वायूच करतो. नळी आखूड झाली की गोळी त्या छिद्रापुढे गेल्यानंतर बाहेर पडेपर्यंतचा काळ घटतो, आणि छिद्र मागे सरकवले तर तेथला दाब वाढतो. दाब कमी पडला तर यंत्रणा अडकते, अधिक झाला तर पुंगळी फाटते किंवा भाग झिजतात. त्यातच पुढची गोळी जोराने चढत असल्यामुळे ती पुंगळीत सैल असून चालत नाही, आणि टोपी फार मऊ असली तर चाप न दाबताच बार होण्याची शक्यता राहते. ज्या देशांत वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याचा छंद कायदेशीर आहे, तेथेही एकेक गोळी हाताने चढवण्याच्या रायफलीच्या मानाने अर्धस्वयंचलित रायफलीसाठी काडतूस भरणे अवघड मानले जाते, ते या कारणांनी.

भारतात पुंगळ्या घरी भरणे हा छंद म्हणून उभा राहू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या गुन्ह्याची किमान शिक्षा ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी केली. २०१६ च्या शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित बंदुका, काही अपवाद वगळता, निषिद्ध वर्गात मोडतात, आणि २० इंचांहून आखूड नळीच्या बिनआट्यांच्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या, बंदुकाही त्याच वर्गात येतात. आखूड नळी लपवायला सोपी, हा त्यामागचा साधा विचार आहे. पोलीस आणि सैन्यदलांत तर चांदमारीनंतर झाडलेल्या फैरी आणि गोळा केलेल्या पुंगळ्या यांचा हिशेब जुळवावा लागतो. जी पुंगळी परदेशातला छांदिष्ट खिशात घालून घरी नेतो, ती येथे सरकारी नोंदीतली वस्तू असते.

कोकणात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने दिले गेले, त्यामुळे दारू हाताने ठासण्याची रीत पुरती नाहीशी झालेली नाही. मात्र बंदूक घेऊन रात्री जंगलात शिरण्याचे परिणाम काय होतात, ते २०२५ च्या सुरुवातीला पालघर तालुक्यातील बोरशेतीच्या जंगलात दिसले. शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला रानडुक्कर समजून गोळी घातली. ज्वालाग्राही रसायने हाताळण्यातली जोखीम तर बोईसरकरांना वेगळी सांगावी लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात झालेला स्फोट, त्यात गेलेले जीव आणि दूरवर ऐकू गेलेला आवाज येथल्या लोकांच्या आठवणीत आहेत.

म्हणून काडतुसाचे खरे काम महाराष्ट्रात कोठे झाले, याचा शोध घाटावर नेतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना १९६४ मध्ये लहान हत्यारांच्या काडतुसांसाठी उभा राहिला, आणि भंडाऱ्याच्या कारखान्यातून प्रणोदक, म्हणजे गोळीला ढकलणारी दारू, तयार होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर हे तिन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. पाषाणची एआरडीई ही संरक्षण संशोधन संघटनेची प्रयोगशाळा शस्त्रांची रचना करते. ५.५६×४५ काडतुसाची इन्सास रायफल तिचीच, आणि आखूड नळीसाठी स्वतंत्र काडतूस हवे हा विचार प्रत्यक्षात उतरवणारी जेव्हीपीसी कार्बाइनही तिचीच. या कार्बाइनच्या ५.५६×३० मिलिमीटर काडतुसात गोळीचा व्यास इन्सासइतकाच आहे, पण पुंगळी १५ मिलिमीटरने आखूड आहे. तिच्यात दारू कमी मावते आणि ती आखूड नळीला साजेशी जळते. सुमारे ३ किलो वजनाचे, मिनिटाला ७०० हून अधिक फैरींचे आणि १०० मीटरहून अधिक अंतरावर परिणामकारक असलेले हे पूर्ण स्वयंचलित शस्त्र डिसेंबर २०२० मध्ये लष्कराच्या अंतिम चाचण्यांत उतरले. त्याची जुळणी कानपूरला होते आणि काडतूस खडकीला तयार होते. त्याआधी अशा कामासाठी जी स्टर्लिंग कार्बाइन होती, तिने आखूड नळीचा प्रश्न ९ मिलिमीटरचे पिस्तुली काडतूस वापरून टाळला होता. एआरडीईने तो टाळला नाही, तर नवे काडतूस घडवून सोडवला, आणि ही कामगिरी मराठी वाचकापर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

अशा शस्त्राची गरज कोणाला पडते, हे पालघरच्या नकाशावरून कळते. अणुऊर्जा केंद्रांचे रक्षण १९६९ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. सातपाटी, केळवे येथील पोलिसांना किनाऱ्यावर आणि होडीत गस्त घालावी लागते. अरुंद मार्गिकेत, वाहनात किंवा हलत्या होडीत लांब रायफल वळवता येत नाही, आणि तेथे अंतरही क्वचितच १०० मीटरपलीकडे जाते. मात्र स्वतंत्र काडतुसाची किंमत साठ्यात मोजावी लागते. ५.५६×३० चे काडतूस इन्सासमध्ये चालत नाही आणि इन्सासचे काडतूस या कार्बाइनमध्ये बसत नाही, त्यामुळे दोन्ही शस्त्रे बाळगणाऱ्या दलाला दोन वेगळे साठे, दोन वेगळ्या नोंदवह्या आणि सरावासाठी दोन वेगळ्या मागण्या सांभाळाव्या लागतात. नव्या काडतुसाचा पुरवठा नियमित झाला नाही तर शिपायाला सरावाला पुरेशा फैरी मिळत नाहीत, आणि सरावावाचून कोणतीही कार्बाइन त्याच्या उपयोगी पडत नाही.