कार्यालयातील दूरध्वनी यंत्रणेचा विस्तार

पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी अस्तित्वात आली. गावाचा पसारा त्याआधीपासूनच वाढत होता. एका मेजावरील एका फोनवर ज्यांचे काम भागत असे, त्या शाळा, दवाखाने व धर्मग्राम कार्यालये आता दोन-तीन मजल्यांवर पसरली आहेत. साहजिकच ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या मोजक्या लाइनी अनेक अंतर्गत फोनांना वाटून देणारी पेटी, अपुरी पडू लागते.

या पेटीवर बहुधा 308 असा आकडा असतो. त्याचा अर्थ, बाहेरच्या लाइनी 3 व अंतर्गत फोन 8. पेटीत मोकळी खाच असल्यास नवे कार्ड बसवून काम होते. खाच नसेल तर काहीजण दुसरी पेटी आणून पहिल्या पेटीचे एक एक्स्टेन्शन दुसरीच्या बाहेरील लाइनच्या जागी जोडतात. हे चालते, परंतु समोरच्याने फोन ठेवल्याची खूण दुसऱ्या पेटीला पुष्कळदा कळत नाही व लाइन अडकून राहते. दोन्ही पेट्यांत सोय असल्यास त्या संगणकाच्या जाळ्यावरून जोडणे अधिक चांगले.

फॅक्स, दारावरचा फोन, मोबाइलचे सिम घेणारे यंत्र यांपैकी काहीही जोडताना प्रथम एकच गोष्ट पाहावी. एक्स्टेन्शनचे तोंड वीज व घंटी देते, लाइनचे तोंड ती घेते. देणाऱ्याला घेणारा जोडावा. बाहेरची लाइन चुकून एक्स्टेन्शनच्या तोंडात खोचली, तर घंटीच्या विजेने कार्ड जळू शकते. फॅक्सला शक्यतो इंटरनेटवरील लाइन देऊ नये. पाने अर्धवट जातात.

खरी कसोटी वीज गेल्यावर लागते. तांब्याच्या जुन्या लाइनला टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून सुमारे 48 व्होल्टची वीज मिळे, म्हणून अंधारातही फोन वाजे. ईपीएबीएक्स मात्र आपल्याच विजेवर चालते. चांगल्या पेटीत वीज जाताच एक लाइन थेट एका ठरावीक फोनला जोडली जाण्याची सोय असते. तो फोन कोणता हे कार्यालयातील प्रत्येकास ठाऊक असावे. आता लाइन फायबरवरून येत असेल, तर भिंतीवरील फायबरच्या डबीलाही वीज लागते. पेटीला बॅटरी बसवली आणि डबीला विसरले, असे नेहमी घडते! मग मध्यरात्री आजारी माणसाच्या घरून आलेला फोन वाजतच नाही.

याहून धोक्याची गोष्ट शून्याची. बाहेरच्या लाइनसाठी आधी 0 दाबण्याची पद्धत असल्यास, घाबरलेला माणूस नुसते 112 दाबतो आणि फोन लागत नाही. 112 हा क्रमांक शून्याविना बाहेर जाईल अशी रचना तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

कोकणातील पावसाळ्याच्या सुरुवातीस व शेवटी विजा कडाडतात. एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून नेलेली तांब्याची तार तेव्हा संकट आणते. तेथे फायबर टाकावी. प्रत्येक बाहेरच्या लाइनवर संरक्षक बसवावा आणि त्याचे अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे ना, हे मोजून घ्यावे.

काम संपल्यावर कोणती जोडी कोठे जाते याचा कागद पेटीच्या झाकणाआत चिकटवावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, अन्यथा कोणी परका आपल्या लाइनवरून परदेशी बोलेल. नवा पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये.