घाटात लाल

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. तळेगावात आर्वीचा रस्ता महामार्गाला मिळतो, तिथल्या टपरीवर पहिला चहा उकळतोय. नागपूरच्या एसटीची वाट बघत मी बाकावर बसलोय. थंडी बऱ्यापैकी आहे.

"सत्याग्रही घाट लाल दिसून राह्यला, मामा," पिकअपवाला पोरगा म्हणतो.

मामा चहावरून नजर न काढता विचारतात, "साधा लाल का काळपट?"

मामांजवळ साधा बटणांचा फोन आहे. पण हिरवा म्हणजे मोकळा, नारिंगी म्हणजे गर्दी, लाल म्हणजे रांगत चाललेलं आणि काळपट लाल म्हणजे ठप्प, हा पाढा त्यांना ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकून पाठ झालाय.

"काळपट."

"मंग बस. साखर कमी घेतं ना?"

पोरगा फोन माझ्यापुढे धरतो. काच कोपऱ्यात तडकलेली. गाडीत आंबिया बहाराची संत्री, कॅरेटवर कॅरेट रचलेली. कळमन्याच्या बाजारात लिलावाआधी पोचायचंय. रात्री माल भरताना हाताला लागलेलं सालीचं तेल अजून बोटांवर आहे. तो नकाशा मोठा करायला जातो, बोट सटकतं आणि नकाशा थेट मोझरीला जाऊन थांबतो. बोट पँटला पुसून तो पुन्हा तळेगावावर येतो. इथून कारंजाकडे निघालेली रेघ आधी हिरवी, मग जराशी नारिंगी, आणि घाटाच्या वळणांवर नखाएवढा काळपट तुकडा. वाळलेल्या कुंकवाचा रंग.

"वरतून फोटो काढते का हे?" शेजारचा दूधवाला विचारतो.

नाही, मी सांगतो. ज्यांच्या फोनमध्ये लोकेशन चालू आहे त्यांचे फोनच आपला वेग कळवत असतात. नाव नाही, गाव नाही, फक्त कुठल्या जागी किती वेग. पुष्कळ फोन एका जागी खोळंबले की रस्ता लाल. म्हणजे घाट लाल केलाय तो घाटात अडकलेल्यांनीच. मग राहवत नाही म्हणून बर्लिनची गोष्टही सांगतो. 2020 साली सायमन वेकर्ट नावाच्या कलाकारानं छोट्या हातगाडीत 99 फोन भरले आणि ती गाडी ओढत तो रस्त्यानं हळूहळू चालला. रस्ता रिकामा, नकाशावर मात्र लाल.

दूधवाला हसतो. पिकअपवाला हसत नाही.

"मंग तिथं गाडी पलटली का कोनी हातगाडी वढून राह्यलं, मले कसं समजन?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यानं उत्तर शोधायला केव्हाच सुरुवात केलीय: वीस मिनिटं आधी निघालेल्या साडभावाला फोन. वाजत नाही. पुन्हा लावतो. घाटात रेंज नसेल.

मामा चहा गाळतात. "पयले समोरून येनारा ट्रकवाला लाइट मारे, हात दाखवे. दोन ट्रकवाल्यानं हात दाखवला का आमी समजो." गुगलनं नकाशावर रस्ते रंगवायची सोय भारतात 2012 साली आणली तेव्हा ती मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरती होती. राष्ट्रीय महामार्ग तीनेक वर्षांनी रंगले. तोवर या रस्त्याचा नकाशा म्हणजे ही टपरीच होती. आजही काही फार बदललंय असं मला वाटत नाही.

फोन आता दुसरी वाट सुचवतो. मागे आर्वीकडे उतरा, पुढे समृद्धी महामार्ग धरा. करड्या रंगाची ती लांबलचक रेघ पोरगा बराच वेळ बघतो, ओठ हलवत हिशेब करतो. डिझेल वेगळं, टोल वेगळा. शिवाय समृद्धी नागपुरात उतरवते ती शिवमडक्याला, हिंगण्याच्या बाजूनं, आणि कळमना पार शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"घाटात वाचलेला टाइम शयरात जाईन," तो म्हणतो आणि फोन खिशात टाकतो. दूधवाल्याला तर तीही वाट नाही. समृद्धीवर दुचाकी चालत नाही.

अमरावतीकडून एसटी येते. ड्रायव्हर खिडकीतूनच ओरडतो, "मामा, घाट कसा हाये?"

"काळपट."

ड्रायव्हर कपाळाला हात लावतो, पण गिअर टाकतोच. कंडक्टर मला वर घेताना म्हणतो, "टायमटेबलात लाल-पिवळं काई नसते, सायेब." मी पायरीवर असतानाच मामा एका चिठोऱ्यावर त्यांचा नंबर माझ्या हातात कोंबतात. "काय झालं तेवढं कळवा, भाऊ. गिऱ्हाईक इचारते."

घाट सुरू होतो आणि पंधरा मिनिटांत आम्ही थांबतो. पुढे ट्रकांच्या मागचे दिवे, एकाला एक लागून. इंजिन बंद होतं तशी बसमध्ये एकदम शांतता पसरते, कोणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा वास येतो. मी फोन उघडतो. माझा निळा ठिपका बरोब्बर त्या काळपट तुकड्यात बसलाय. रेंजची एकच काडी.

खाली उतरून चालत जातो. दोन वळणांपलीकडे ट्रेलर कठड्याला कललेला, सरकीची पोती रस्त्यावर. चार माणसं पोती खांद्यावर घेऊन कडेला रचतायत. टॉर्चवाला हवालदार उरलेल्या पट्ट्यातून एकेक गाडी सोडतोय. चिठोऱ्यावरचा नंबर तिसऱ्या प्रयत्नात लागतो.

"सरकीचा ट्रेलर आहे, मामा. एकेक गाडी सोडतायत. अर्धा तास धरा."

"अर्धा घंटा!" मामा तिकडे कोणाला तरी सांगतात, स्वतः बघून आल्यासारखं. मागून पोराचा आवाज येतो, "मंग निंगतोच मी." कॅरेटांचा खडखडाट, आणि फोन कट.